नागपूरची गिरणी, जपानचं बंदर, चांद्याचं लोखंड : जमशेटजी टाटांनी देशोदेशीचा धंदा कसा बांधला

कापसाला आज काय भाव निघाला, हे आता बाजार समितीत पोचायच्या आधीच मोबाईलवर कळतं. भाव का पडला म्हणून विचारलं तर कारणं येतात ती दूरदूरची. न्यूयॉर्कचा वायदा उतरला, ब्राझीलचं पीक जोरात आलं, चीनची खरेदी थांबली. पऱ्हाटी आपल्या वावरात आणि भाव ठरतो सातासमुद्रापार. पुष्कळांना वाटतं की हे दुखणं जागतिकीकरण आल्यापासूनचं आहे. पण वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला असाच फटका १८६५ सालीही बसला होता. त्या फटक्यात ज्यांची पेढी बुडाली, त्यांनीच पुढे बारा वर्षांनी नागपुरात कापडगिरणी सुरू केली. ते म्हणजे जमशेटजी नसरवानजी टाटा.

टाटा हे नाव आज मिठाच्या पुडीपासून ट्रकपर्यंत सगळीकडे दिसतं. जमशेटजींचं चरित्र सांगताना बहुतेक वेळा त्यांचं दातृत्व आणि ताजमहाल हॉटेल यांच्यावरच भर असतो. इथे आपण दुसरी बाजू बघू. कच्चा माल एका देशातला, मशीन दुसऱ्या देशातलं, गिऱ्हाईक तिसऱ्या देशातलं, असा धंदा त्यांनी कसा आखला? कुठे जमला आणि कुठे हरले? बहुराष्ट्रीय कंपनी हा शब्दही नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे, पण त्यातली गणितं आजचीच आहेत.

नवसारीचा मुलगा, हाँगकाँगची पेढी

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतल्या नवसारीला, पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी यांनी पुरोहितपण सोडून मुंबईत व्यापार धरला होता. मुलाला त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलं. १८५८ साली शिक्षण संपलं आणि पुढच्याच वर्षी, विशीत असताना, जमशेटजींना हाँगकाँगला पाठवलं गेलं.

तिथे पेढीचा धंदा सरळ होता. इकडून कापूस आणि अफू जायची, तिकडून चहा, रेशीम, कापूर, दालचिनी, तांबं-पितळ यायचं. अफूचा उल्लेख टाळून चालणार नाही. इंग्रज अमलात तो व्यापार कायदेशीर होता आणि मुंबईतल्या अनेक मोठ्या पेढ्या त्यात होत्या, टाटांचीही होती. हाँगकाँगनंतर शांघायलाही शाखा निघाली.

या काही वर्षांत जमशेटजी एक गोष्ट शिकले. परदेशात आपला स्वतःचा माणूस बसलेला असेल तरच तिथला भाव, तिथली मागणी आणि तिथली लबाडी वेळेवर कळते. दलालाच्या पत्रावर धंदा चालवणारा नेहमी उशिरा जागा होतो. पुढे जपानच्या कोबे बंदरात आणि पॅरिसमध्ये शाखा निघाल्या, त्या याच समजुतीतून.

अमेरिकेतली लढाई, मुंबईतलं दिवाळं

१८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांची यादवी सुरू झाली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या तोवर मुख्यतः दक्षिण अमेरिकी राज्यांच्या कापसावर चालत. लढाईत ती बंदरं अडवली गेली. गिरण्यांना कापूस हवा होता, म्हणून सगळ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. भाव चढत गेले. वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावानं ओळखला जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नव्या कंपन्या आणि बँका निघू लागल्या, शेअरचा जुगार घरोघर पोचला.

त्याच भरात टाटांच्या पेढीनं आणि मुंबईतल्या इतर व्यापाऱ्यांनी लंडनमध्ये बँक काढायचं ठरवलं. ते काम घेऊन जमशेटजी लंडनला गेले. बरोबर कापसाच्या हुंड्या आणि शेअरचे कागद होते, त्यांच्याच जोरावर तिथे पत उभी करायची होती. पण १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतली लढाई संपली. अमेरिकी कापूस परत येणार म्हटल्यावर भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा दिवस मुंबईच्या बाजारात काळा दिवस ठरला. लंडनमध्ये बसलेल्या जमशेटजींच्या हातातले कागद बघता बघता रद्दी झाले.

तेव्हा ते २६ वर्षांचे होते. पळ काढला नाही. सावकार आणि बँकांसमोर उभं राहून खरी परिस्थिती मांडली. त्यांच्या सरळपणाची छाप अशी पडली की पेढीचा हिशेब मिटवायचं काम देणेकऱ्यांनी त्यांच्याचकडे सोपवलं, महिना २० पौंड पगारावर. मिटवामिटवी पुरी करून ते परतले.

घर सावरलं ते मात्र वेगळ्याच वाटेनं. १८६७-६८ मध्ये इंग्रजांनी ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, मोहीम काढली. फौजेला रसद पुरवायचा ठेका ज्या व्यापाऱ्यांनी घेतला त्यात नसरवानजी भागीदार होते. त्यात मोठा नफा झाला. एका परदेशातल्या लढाईनं बुडवलं आणि दुसऱ्या परदेशातल्या लढाईनं तारलं, असं हे घडलं.

कापूस नुसता विकत राहिलो तर भाव दुसऱ्याच्या हातात राहणार. त्याचं सूत आणि कापड करून विकलं तर निदान काही भाग आपल्या हातात येईल. १८६९ साली जमशेटजींनी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि काही काळानं नफ्यात विकून टाकली. मग ते पुन्हा इंग्लंडला गेले. या खेपेला बँक काढायला नाही, लँकेशायरमध्ये गिरणी कशी चालते ते आतून बघायला.

गिरणी मुंबईत नाही, नागपुरात

त्या काळी गिरणी म्हटलं की मुंबई. बंदर तिथे, पैसा तिथे, कामगार तिथे. जमशेटजींनी कागदावर वेगळा हिशेब मांडला. कापूस पिकतो वऱ्हाड-नागपूर भागात. तो मुंबईला न्यायचा, कापड करून पुन्हा इकडे विकायला आणायचं, म्हणजे रेल्वेचं भाडं दोनदा. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ सालीच आली होती. वरोऱ्याला दगडी कोळसा निघत होता. कापूस, कोळसा, रेल्वे आणि गिऱ्हाईक या चारही गोष्टी जिथे जवळ, तिथे गिरणी असावी.

१८७४ साली १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी उभी राहिली. नागपूर स्टेशनापासून जवळ, जुम्मा तलावाशेजारची पाणथळ जागा घेतली. ती भरून काढण्यात इतका पैसा जातोय हे बघून गावातल्या एका सावकारानं कर्ज द्यायला नकार दिला. हा माणूस मातीत सोनं ओततोय असं त्याला वाटलं. पुढे गिरणीचा नफा बघून त्याच सावकारानं आपलं चुकल्याचं कबूल केलं, अशी आठवण नागपुरात सांगितली जाते.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल. गिरणीचे व्यवस्थापक होते बेझनजी दादाभाई मेहता. ते रेल्वेतून आलेले, गिरणीकामाचा अनुभव नव्हता, पण माणसं आणि माल हलवण्यात तरबेज. यंत्रांची बाजू सांभाळायला इंग्लंडचे जेम्स ब्रुक्सबी होते.

सुरुवात चांगली झाली नाही. आधी घेतलेली मशीनं हलक्या प्रतीची निघाली, ती बदलावी लागली. इथे जमशेटजींची एक सवय दिसते. सूत कातायची रिंग पद्धत तेव्हा नवी होती. खुद्द लँकेशायरचे कारखानदार जुन्या पद्धतीला चिकटून होते आणि तिथल्या नामांकित यंत्र बनवणाऱ्यांनाही तिच्यावर भरवसा नव्हता. जमशेटजींनी आधी थोडी यंत्रं मागवली, नागपुरात चालवून बघितली, मग पैसा घातला. ज्या देशाकडून मशीन घ्यायचं, त्याच देशाच्या पुढे एक पाऊल टाकलं.

कामगारांचा प्रश्न वेगळा होता. लोक शेतीच्या हंगामात, लग्नसराईत, सणावाराला गैरहजर राहायचे. त्यावर नुसता दंड लावून भागलं नाही. १८८६ साली गिरणीत पेन्शन फंड सुरू झाला, १८९५ साली अपघातात भरपाई द्यायची पद्धत आली. कायद्यानं हे सगळं यायला अजून बरीच वर्षं होती. आसपासच्या भागात गिरणीनं जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने काढले, त्यामुळे कापूस थेट गावाजवळून घेता येऊ लागला.

जहाजाच्या भाड्यावरून झालेली लढाई

हिंदुस्थानातल्या गिरण्यांचं जाडंभरडं सूत चीनला आणि जपानला जायचं. माल आपला, गिऱ्हाईक तिकडचं, पण मधलं समुद्राचं अंतर दुसऱ्याच्या ताब्यात होतं. पी अँड ओ ही इंग्रज जहाज कंपनी आणि तिच्याशी संगनमत केलेल्या ऑस्ट्रियन आणि इटालियन कंपन्या मिळून भाडं ठरवत. सुतासाठी टनामागे १९ रुपयांपर्यंत भाडं पडायचं. नफ्याचा मोठा घास तिथेच जायचा.

१८९३ साली जमशेटजी जपानला गेले. जपानच्या गिरण्या तेव्हा नव्या होत्या, त्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता आणि हेच भाडं त्यांनाही जड जात होतं. तिथले मोठे उद्योजक शिबुसावा एइची यांच्याशी बोलणी झाली. निप्पॉन युसेन कैशा ही जपानी जहाज कंपनी तयार झाली, पण टाटांनीही बरोबरीनं जहाजं चालवावीत आणि जोखीम उचलावी या अटीवर. जमशेटजींनी ती मान्य केली. याच प्रवासात योकोहामाहून कॅनडाच्या व्हँकुव्हरला जाताना स्वामी विवेकानंद त्यांच्याच जहाजावर होते.

टाटा लाइन सुरू झाली. ॲनी बॅरो आणि लिंडिस्फार्न ही जहाजं भाड्यानं घेतली. दर ठेवला टनामागे सुमारे १२ रुपये. व्यापारी खूश झाले. मग पी अँड ओनं चाल खेळली. भाडं पाडून थेट दीड रुपया टनावर आणलं. जो व्यापारी टाटांच्या किंवा जपानी जहाजातून माल पाठवणार नाही त्याला आणखी सूट. लिंडिस्फार्न जहाज सूत वाहायच्या लायकीचं नाही अशी आवईही उठवली गेली.

जमशेटजींनी सरकारकडे दाद मागितली, पण काही उपयोग झाला नाही. त्याहून जास्त लागलं ते आपल्याच लोकांचं वागणं. ज्या गिरणीमालकांच्या फायद्यासाठी हे सगळं चाललं होतं, तेच एकेक करून स्वस्त भाड्याकडे वळले. उद्या टाटांची जहाजं बंद पडली की भाडं पुन्हा चढणार, हे दिसत असूनही आजची बचत प्रत्येकाला मोठी वाटली. लाखाच्या वर तोटा सोसून टाटा लाइन बंद करावी लागली.

जपानी कंपनी मात्र टिकली. कारण तिथल्या सूतगिरण्यांच्या संघानं आपसांत ठरवून कापूस आपल्याच देशाच्या जहाजातून आणायचा करार केला आणि तो पाळला. पुढे तिथलं सरकारही पाठीशी उभं राहिलं. पी अँड ओला अखेर जपान्यांशी तडजोड करावी लागली. एकाच लढाईत एक बाजू जिंकली आणि दुसरी हरली. दोन्हींकडे जहाजं होती. फरक पडला तो करार पाळणाऱ्या संघामुळे.

त्याच सुमाराला आणखी एक धडा मिळाला. लँकेशायरच्या दबावाखाली १८९६ साली हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला. बाहेरून येणाऱ्या कापडावर जेवढी जकात, तेवढाच कर इथल्या कापडावर, म्हणजे इथल्या गिरणीला कसलाही आडोसा नको असा तो हिशेब होता. देशोदेशीच्या धंद्यात कारखाना कितीही चांगला चालवला तरी कायदा लिहिणारा हात कोणाचा आहे, यावर बरंच काही ठरतं, हे जमशेटजींनी तेव्हा अनुभवलं.

लांब धाग्याचा इजिप्शियन कापूस इथे पिकवता येईल का, हाही त्यांचा ध्यास होता. त्यावर त्यांनी पुस्तिका लिहिली, शेतकऱ्यांना बी देऊन प्रयोग करवले. आखूड धाग्याच्या कापसाचं बारीक सूत निघत नाही आणि बारीक सुताशिवाय चांगला भाव नाही, हे त्यांना दिसत होतं. प्रयोग मोठ्या प्रमाणावर रुजला नाही. धाग्याच्या लांबीवरून भाव कापला जाणं आपल्याला आजही नवीन नाही.

चांद्याच्या डोंगरातलं लोखंड

१८८२ साली एका जर्मन भूवैज्ञानिकाचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागात, लोहाऱ्याच्या डोंगरात उत्तम लोहखनिज असल्याचं त्यात म्हटलं होतं. वरोऱ्याचा कोळसा जवळच. त्यांनी कोळशाचे नमुने तपासायला जर्मनीला पाठवले. उत्तर आलं की या कोळशाचा लोखंड गाळायला लागणारा कोक होत नाही. शिवाय सरकारचे खाणीचे नियम जाचक होते. योजना बाजूला ठेवली, पण टाकून दिली नाही.

१८९९ च्या सुमारास, लॉर्ड कर्झनच्या काळात, नियम सैल झाले. जमशेटजी तेव्हा साठीला आले होते. १९०२ साली ते अमेरिकेला गेले, पोलादाचे कारखाने पायी फिरून बघितले. पिट्सबर्गचे ज्युलियन केनेडी यांनी त्यांना न्यूयॉर्कचे इंजिनियर चार्ल्स पेज पेरिन यांचं नाव सुचवलं. पेरिन यांनी काम घेतलं आणि आपले सहकारी सी. एम. वेल्ड यांना १९०४ साली इकडे पाठवलं.

वेल्ड, जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापूरजी सकलातवाला यांनी चांद्याचा जंगलभाग बैलगाडीनं आणि पायी पालथा घातला. खनिज होतं, पण मोठा कारखाना वर्षानुवर्षं चालेल एवढ्या प्रमाणात आणि योग्य कोळशासह एका जागी नव्हतं. हे काम सोडतोय असं सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. संबंधित अधिकारी भेटेपर्यंत समोरच्या संग्रहालयात शिरले, तिथे भिंतीवर एक भूगर्भाचा नकाशा लागलेला होता. त्यात दुर्ग जिल्ह्याचा भाग गडद रंगवलेला दिसला. तिथून शोधाला दुसरं वळण लागलं. पुढे भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांच्या माहितीवरून मयूरभंजचं खनिज मिळालं आणि झरियाचा कोळसा जवळ म्हणून साकचीची जागा ठरली. तेच आजचं जमशेदपूर.

जमशेटजींना यातलं काहीच बघायला मिळालं नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम गावी, उपचारासाठी गेले असताना त्यांचं निधन झालं. त्यांची कबर इंग्लंडमध्ये ब्रुकवूडच्या दफनभूमीत आहे.

पुढची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यांच्याच शिकवणीतली आहे. कारखान्याला भांडवल हवं म्हणून दोराबजी आधी लंडनच्या बाजारात गेले. तिथले लोक पैशाबरोबर ताबाही मागत होते. बोलणी फिसकटली. १९०७ साली, स्वदेशी चळवळीच्या भरात, मुंबईत शेअर विक्रीला काढले. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी लागणारं सगळं भांडवल भरलं. ज्ञान अमेरिकेतून पगार देऊन आणलं, यंत्रं परदेशातून विकत घेतली, पण मालकी घरात राहिली. १९१२ साली तिथे पहिलं पोलाद ओतलं गेलं.

आपल्यासाठी यात काय आहे?

जमशेटजींचं सगळंच गोड नव्हतं. सुरुवातीच्या कमाईत अफूचा पैसा होता. त्यांनी कल्पिलेल्या सह्याद्रीतल्या वीज योजना त्यांच्यामागे उभ्या राहिल्या, तेव्हा मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि १९२१ पासून सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह झाला. मोठ्या धंद्याच्या आखणीत गावाचा हिशेब शेवटी धरला जातो, ही तक्रार तेव्हाही होती.

तरी त्यांचं आयुष्य नीट बघितलं तर देशोदेशीचा धंदा ही काही जादू नाही हे कळतं. ती एक साखळी असते. कच्चा माल, मशीन, वाहतूक, पैसा, माहिती, कायदा आणि गिऱ्हाईक. ज्याच्या हातात यातली अवघड कडी असते, तो बाकीच्यांचा भाव ठरवतो. १८६५ मध्ये टाटांच्या हातात नुसते कागद होते, म्हणून बुडाले. नागपुरात कापूस आणि कारखाना जवळ आणला, म्हणून कमावलं. समुद्रावर कडी धरायला गेले, पण सोबतचे सुटले, म्हणून हरले.

आज गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात लोहखनिजाची चर्चा पुन्हा जोरात आहे. कापूस, सोयाबीन, संत्रं यांच्या खरेदीला देशाबाहेरच्या कंपन्यांचे लोक तालुक्यापर्यंत येतात. शेतकरी उत्पादक कंपन्याही गावोगाव निघाल्यात. अशा वेळी ग्रामसभेत किंवा कंपनीच्या सभेत बसताना काही प्रश्न विचारून ठेवायला हरकत नाही. माल कच्चाच बाहेर जाणार की इथे त्याचं काही बनणार? भाडं कोण ठरवणार? पैसा देणारा ताबाही मागतोय का? आणि एखादा व्यापारी वर्षभरासाठी दोन रुपये जास्त देऊ लागला, तर आपल्यातले किती सभासद संघ सोडून तिकडे जातील?

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. १८९० च्या दशकात मुंबईच्या मोठमोठ्या गिरणीमालकांना तो सोडवता आला नाही. जपानच्या सूतगिरण्यांना आला.